जमिनीची बाजू

लोकध्वनीच्या वर्धा खोरे केंद्रात दारातच गणपतीचा फोटो आहे, पण आम्ही मंडळी खरी घाबरतो ती घड्याळाला. कुठलाही वाद प्रसारित करायचा तर दोन्ही बाजूंना सारखा वेळ, हा आमचा नियम. एकाला पाच मिनिटं मिळाली की दुसऱ्यालाही पाच, मग त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही असो की नसो. ‘समोरासमोर’ हा कार्यक्रम मी चालवते, आणि माझ्या हातून हा नियम कधी मोडला नाही याचा मला भारी तोरा होता. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रानं कुणाची तळी उचलू नये, असं मी नव्या मुलांना ऐकवायचे. पळसोड्याच्या प्रकरणानंतर मी कुणाला काही ऐकवत नाही.

पळसोडा हे माझं माहेर. वणीच्या पलीकडे, वर्धा नदीच्या काठावर. गावाखाली कोळसा आहे. माझ्या आजोबांच्या काळात तिथे भुयारी खाण चालायची. ती बंद झाली, बोगद्यांत पाणी भरलं आणि गाव तिला विसरलं. अर्धं गाव त्या बोगद्यांच्या डोक्यावर वसलेलं आहे हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

त्या खाणीच्याही बऱ्याच खाली कोळशाचे आणखी थर आहेत. ते खणून काढणं परवडत नाही, पण त्यांच्यात वायू अडकून बसलेला आहे आणि देशाला आता तो हवा होता. ‘वसुतेज गॅस’ नावाची कंपनी परवाना घेऊन आली. तिची रीत थोडक्यात अशी : जमिनीत उभं भोक पाडायचं, खाली पोचल्यावर ते आडवं वळवायचं आणि त्यातून पाणी, वाळू नि थोडी रसायनं प्रचंड दाबानं सोडायची. दाबानं थर तडकतो, वाळू ते तडे उघडे धरून ठेवते आणि वायू त्या वाटेनं भोकात येतो. तडे किती लांब जातील आणि कुठल्या दिशेनं, हे कंपनी गणितानं सांगते. खाली जाऊन कुणी पाहिलेलं नसतं.

गावात दोन तट पडले. कंपनीच्या बाजूनं बोलायला सरपंच प्रफुल्ल आसुटकर, म्हणजे माझा सख्खा दादा. पंचायतीच्या नाहरकतीवर सही त्याचीच. विरोधात देवराव ढवस, पिठाच्या गिरणीचे मालक, ज्यांना सगळं गाव काका म्हणतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मी नियमाप्रमाणे सांगायचे, “सरपंच माझे भाऊ आहेत, श्रोत्यांनी नोंद घ्यावी.” त्यावर काका म्हणायचे, “घेतली नोंद, बाई. आता घड्याळ दाखव.” लोक खदाखदा हसायचे.

दादा टेबल ठोकून बोलायचा. “गावचे पोट्टे पुन्याले जाऊन वॉचमन होऊन रायले. इथं प्लांट झाला तं घरी जेवून ड्युटीवर जातीन. अन् भेव कायचं हाय? खडक फुटते थो खाली. तुमच्या चुलीत नाही फुटत.”

काका शांतपणे सुरू करायचे आणि मग पेटायचे. “आजोबायच्या खाणीनंही असंच सांगतलं होतं. सायेब गेले, भोकं आपल्याले ठेवून गेले. माहा जीव गेला तरी चालन, पन वसुतेजचा पंप मी गावाखाली चालू देनार नाही.”

दोघांची मिनिटं बरोबर सारखी भरायची. मी समाधानानं घरी यायचे.

या सगळ्यात यंत्र शिरलं ते जेसीबीमुळे. पळसोड्यात घरोघरी आमची फायबरची केबल गेलेली आहे. गल्लीच्या मातीखालून येते, उंबऱ्याखालून भिंतीवर चढते आणि लोकध्वनीच्या पेटीला मिळते. लोक त्या पेटीला अजून रेडिओच म्हणतात. कुणी नाली खणायला जेसीबी आणला की केबल तुटलीच. आमचा इंजिनिअर इरफान शेख या तोडफोडीला कावला होता. त्यानं वरिष्ठांच्या मागे लागून एक नवं यंत्र आणवलं, त्याचं नाव ‘कानोसा’.

कानोसा केबलमधून लेझरच्या प्रकाशाचे बारीक ठोके सोडत राहतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोट असतेच. प्रत्येक खोटीवरून थोडा प्रकाश उलट फिरून येतो. जमीन थरथरली, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकी जरी ताणली गेली, तर तो परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून थरथर केबलच्या कुठल्या जागी झाली तेही कळतं. म्हणजे केबलचा प्रत्येक हातभर तुकडा एकेक कान झाला. जुन्या यंत्रांना ट्रक ऐकू यायचा. याला पाऊल ऐकू यायचं, आणि ऐकलेलं सगळं ते साठवूनही ठेवायचं.

एका दुपारी इरफाननं मला त्याच्या खोलीत बोलावलं. “मॅडम, जरा इकडे या न. हे ऐका.”

मी हेडफोन कानाला लावला. तड्, तडतड्, तड्. “लाह्या कोण फोडून रायलं?” मी विचारलं.

“लाह्या नाही मॅडम. जमीन होय. गावाबाहेर वसुतेजचा चाचणीचा पंप चालू आहे, अन् खालचा थर फुटून रायला.”

वर्षभर मी या विषयावर लोकांना बोलतं करत होते. पण ज्या गोष्टीबद्दल सगळे भांडत होते ती स्वतः बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. हेडफोन काढून ठेवला आणि लगेच परत घातला.

इरफानला एक वेगळीच चिंता लागली होती. त्याला ते आवाज कोण्या वळणानं चाललेत ते नीट दिसत नव्हतं. “वरचा गोंगाट वजा केल्याशिवाय खालचं समजत नाही,” तो म्हणाला. “अन् वजा करायचं तं आधी कोनता आवाज कायचा हे यंत्राले सांगा लागते. मी यवतमाळचा. मले का मालूम गिरणीचा पट्टा कोनता अन् मोटरपंप कोनता? तुमचं गाव आहे, तुमी सांगा.”

मग कामावरून सुटले की मी त्याच्या खोलीत जाऊन बसायचे. ही हनुमान मंदिराची घंटा. ही हिवरकरांची म्हातारी, काठी आपटत चालते. हा काकांच्या गिरणीचा पट्टा, जरा सैल झालाय. मला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं. आणि मग एक दिवस त्या धपधप-खटखटीतून शब्द ऐकू आले. माणूस बोलतं तेव्हा भिंत हलते, भिंतीला आमची केबल ठोकलेली. इतका साधा हिशेब, पण तो ना इरफानच्या डोक्यात आला होता ना यंत्र विकणाऱ्यांनी सांगितला होता.

पहिला आवाज दादाचा होता. आमच्या गोठ्यातला. तो बांडीशी, आमच्या गाईशी, अगदी हळू बोलत होता.

“बांडे, मले काही उमजून नाही रायलं. सही तं करून देल्ली. पोट्ट्यायले कामं लागतीन म्हनून देल्ली. पन खाली काही झालं तं वं? सारं गाव माह्या नावानं रडन.” आणि मग माझा दादा, टेबल ठोकून बोलणारा माझा दादा, हुंदके देऊन रडायला लागला. मी तारखा चाळल्या. तो रोज संध्याकाळी रडत होता.

दुसरा आवाज गिरणीतला. काका आणि वसुतेजचे बर्वे साहेब. बर्वे हसत हसत सांगत होते, “तुम्ही विरोध असाच जोरात चालू ठेवा. विरोधाची खुर्ची तुमच्याकडे आहे, तोवर तिथे दुसरं कुणी बसणार नाही.” त्यावर काका म्हणाले, “थे सारं ठीक हाय सायेब. जावयाच्या गाड्या प्लांटवर लावाचं तेवढं पक्कं समजू न?”

ज्याला खात्री नव्हती तो छातीठोक बोलत होता. जो आधीच विकला गेला होता तो जीव द्यायला निघाला होता. आणि मधे मी, हातात घड्याळ धरून, दोघांना सारखी मिनिटं मोजून देत होते. इरफान माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, “हे कुणाला सांगू नको.” तो म्हणाला, “मी तं ऐकलंच नाही, मॅडम.”

वरचा गोंगाट वजा झाल्यावर खालचं चित्र पडद्यावर उमटलं, आणि तिसरा धक्का बसला. कंपनीच्या गणितानं तडे आडवे पसरायला हवे होते. ते वर चढत होते. खडकात कुठलीतरी जुनी भेग होती, तिच्या वाटेनं एकेका टप्प्याला वर सरकत ते बंद खाणीच्या तळाशी येऊन ठेपले होते.

“खाणीले टेकले तं काय होईन?” मी विचारलं.

“बोगद्यातलं पाणी खाली उतरन. छताचा भार अर्धा त्या पाण्यानंच तोलून धरला आहे, मॅडम. पाणी गेलं की उरतात कोळशाचे जुने खांब. थे किती दिवस टिकतीन, अल्लाले मालूम.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “अन् पुढचा टप्पा याच्या खाली आहे. येत्या गुरुवारी.”

बोट होतं तिथे शाळा होती, हनुमान मंदिर होतं आणि आमचं घर होतं.

या टप्प्याच्या परवान्यावर प्राधिकरणाची सुनावणी त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी ठरलेली होती. मी बर्वे साहेबांना केंद्रात बोलावून तडे ऐकवले. दोन्ही बाजू ऐकायच्या, ही खोड जाता जात नाही. बर्वे फार सभ्य माणूस. चहा संपवून म्हणाले, “मॅडम, हा साफ केलेला आवाज आहे. साफ करताना तुम्ही काय काढलंत, काय घातलंत, कोण जाणे. सलग मूळ ध्वनिमुद्रण द्या, एक सेकंदही न कापता. आम्ही मुकाट मान्य करू.”

“त्यात गावातली सगळी घरं आहेत,” मी म्हणाले.

“तेच तर. कायदा तुम्हाला ठाऊक आहे. घरातला आवाज घरधन्याच्या मालकीचा. त्यानं संमती दिल्याशिवाय तो बाहेर काढला तर तुम्ही आत जाल आणि तुमचं केंद्र बंद होईल.” ते उठले. “सगळ्या पळसोड्याची संमती मिळाली की कळवा.”

आता काय करायचं ते स्पष्टच होतं. गावालाच विचारायचं. गाव स्वतःच्या पायाखालची जमीन वाचवायला नाही कशाला म्हणेल, असा माझा भाबडा समज होता.

शुक्रवारी शाळेच्या पटांगणावर ग्रामसभा भरली. इरफाननं आधी तडे ऐकवले. भोंग्यातून तड्, तडतड् असा आवाज सुटला. कुणीतरी नकळत पाय उचलून खुर्चीवर घेतले. मग त्यानं पडद्यावर खाण दाखवली, चढत गेलेले तडे दाखवले. एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, “बंद करा बाप्पा थो पंप! आजच बंद करा!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हायसं वाटलं.

मग इरफाननं संमतीचं सांगितलं. मूळ ध्वनिमुद्रणात घराघरातलं बोलणंही आहे, आणि सुनावणीत ते कुणीही मागून ऐकू शकेल.

“म्हंजे किती ऐकू येते?” मागून एकानं विचारलं.

“सारंच,” इरफान म्हणाला.

पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघणं थांबवलं. ग्रामसेवक चष्मा पुसायला लागला. “होळीच्या टायमाचंही हाय का त्यात?” एका तरण्या माणसानं चाचरत विचारलं, आणि हाय म्हटल्यावर तो खालीच बसला. त्या पटांगणावर प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरी जाऊन आला असणार. तिथे आपण सुनेला काय बोललो, भावाच्या वाटणीबद्दल काय ठरवलं, शेजाऱ्याच्या पोरीविषयी काय कुजबुजलो, ते आठवून आला असणार.

देवराव काका उभे राहिले. “तडे-बिडे वरचे लोक पाहून घेतीन. पन आमच्या लेकी-सुनायचं बोलनं चव्हाट्यावर? हा गावाचा अपमान होय. मी ठराव मांडतो. हे सारं रेकॉर्डिंग सोमवारी मिटवून टाकाचं.”

आणि अनुमोदन द्यायला उभा राहिला तो माझा दादा. तो माझ्याकडे बघत नव्हता.

सगळे हात वर गेले. वर्षभर एकमेकांची तोंडं न पाहणाऱ्या दोन तटांचा पळसोड्यात एकमतानं झालेला हा पहिला ठराव. माणसं घरासकट खाणीत जायला तयार होती, पण आपण घरात काय बोलतो ते शेजाऱ्याला कळायला नको होतं. मला रागही आला नाही.

शनिवारी दुपारी मी घरी गेले. दादा गोठ्यात कडबा तोडत होता.

“दादा, मी ऐकलं,” मी म्हणाले.

“काय ऐकलं?”

“बांडीसंग बोलतं ते.”

त्याच्या हातातला विळा थांबला. आधी दादा पांढरा पडला आणि मग लाल झाला. “माह्या गोठ्यात कान लावला तुनं? सख्ख्या बहिनीनं? निंग, प्रणू. आत्ताच्या आत्ता निंग.”

“निंगतो. पन आधी एक ऐक. चूक तं नाही न झाली, असं तू गाईले विचारत होता. थे मुकं जनावर, काय सांगन? मी सांगतो. झाली. तडे आपल्या घराखाली आले, दादा. गुरुवारी पंप चालला तं हा गोठा नाही राहनार, तू नाही राहनार, वयनी नाही राहनार.”

त्यानं विळा खाली ठेवला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, “छायाले सांगतलं?”

“नाही.”

“सांगू नोको.”

मी बाहेर आले तर स्वयंपाकघराच्या दारात छाया वहिनी उभी. “काय झालं वं? यायचा आवाज कायचा चढला?”

“काही नाही वयनी,” मी म्हणाले. “कामाचं बोलत होतो.”

रविवारी सकाळी समाजमंदिरातून ‘समोरासमोर’ थेट प्रसारित होणार होता. पळसोड्यावरचा हा शेवटचा कार्यक्रम. समाजमंदिर खच्चून भरलं होतं, आणि जे आले नव्हते ते घरी पेटीसमोर बसले होते. मी नेहमीप्रमाणे नोंद घ्यायला सांगितली. काका आधी बोलले आणि नेहमीसारखेच पेटले. त्यांचा जीव गेला तरी चालणार होता. मी ऐकत होते, पण काही बोलायची मला सोय नव्हती.

मग दादाची पाळी. त्यानं माइक पुढे ओढला आणि बोललाच नाही. रेडिओवर शांतता म्हणजे आमच्यासाठी अपघात. मी खुणावलं, इरफाननं खुणावलं. दादा स्वतःच्या हाताकडे बघत होता.

“मी सरपंच प्रफुल्ल आसुटकर,” तो शेवटी म्हणाला. “घर माह्या नावावर हाय. घरातला आवाज माह्या मालकीचा. मी संमती देतो. प्रणू, थे गोठ्यातलं लाव.”

“दादा...”

“माहे मिनिटं हायेत न? माह्या मिनिटात काय वाजवाचं थे मी ठरवीन. लाव.”

मी इरफानकडे पाहिलं. त्यानं लावलं. समाजमंदिरात आणि पळसोड्याच्या घराघरात सरपंचाचा आवाज घुमला. बांडे, मले काही उमजून नाही रायलं. सही तं करून देल्ली. मग रडणं. लांबलचक, नाक ओढत, पोरासारखं. दादा मान ताठ ठेवून समोर बघत बसला होता. कुणी हसलं नाही.

ते संपल्यावर तो बोलला. “जेले हसाचं असन त्यानं हसा. वर्षभर मी तुमाले सांगतलं का भेव नाही. भेव होतं. भेव सांगतलं तं सरपंच कायचा, असं वाटे. आता माह्या घरात झाकाचं काही उरलं नाही. तुमच्या घरात याच्याहून वाईट काय असन? असन तं असो. गड्याहो, भिंती उभ्या रायल्या तं झाकाले जागा राहीन. भिंतीच गेल्या तं कायच्या मागं झाकसान?”

पहिला हात ग्रामसेवकाचा वर झाला. मग आजोबांचा. मग तो होळीवाला तरणा उभा राहिला, कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “माहंही द्या, जे होईन थे होईन.” माणसं संमती लिहून द्यायला टेबलाकडे यायला लागली. बायका आपल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसत होत्या. मला रडू येत होतं आणि कार्यक्रमही चालवायचा होता.

“एक मिनिट,” काका ओरडले. “हा भावनेचा बाजार होय! माही संमती नाही. अन् एका घरानंही नाही म्हटलं, तं रेकॉर्डिंग कापा लागन. कापलं, का थे सुनावनीत बाद. बर्वे सायबायनं सांगतलं...” ते थांबले. बर्वे साहेबांनी त्यांना कधी सांगितलं, हा प्रश्न समोरच्या प्रत्येक चेहऱ्यावर उमटला.

तेवढ्यात श्रोत्यांचा फोन वाजला. मी बटण दाबलं. “बोला, कोण बोलतंय?”

“मी कुसुम ढवस बोलून रायली, गिरणीतून. थे गिरणी अन् घर दोन्ही माह्या नावावर हाय, बाई. बाईच्या नावानं केलं का सूट भेटते म्हनून यायनंच केलं होतं. माही संमती हाय. लिहून घ्या.”

“कुसुम, फोन ठेव!” काका किंचाळले.

“ठेवतो न. एवढं सांगून ठेवतो, का थो बर्वे सायेब आमच्या घरी येते. दर खेपेले चहा मीच करतो त्याचा. आतून सारं ऐकू येते मले. मशीन कायले पाहिजे?”

काका खुर्चीत बसले होते, पण तिथे ते आहेत की नाही हे बघायलाही कुणाची मान वळेना. त्यांच्या उत्तराची मिनिटं शिल्लक होती. मी त्यांना विचारलं, “काका, तुमचा वेळ आहे. काही बोलायचंय?” त्यांनी माइक बाजूला सारला.

सोमवारी रात्रीपर्यंत उरलेल्या घरांच्याही संमत्या आल्या, आणि मंगळवारी मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं, सलग, सुनावणीत ठेवलं गेलं. बर्वे साहेब आपल्याच शब्दात अडकले होते. प्राधिकरणाच्या भूगर्भतज्ज्ञांनी त्यातून तडे पुन्हा स्वतः शोधले, आणि ते इरफानच्या चित्रापेक्षाही वर आलेले निघाले. परवाना थांबला. गुरुवारी पंप सुरू झाला नाही. गाव जागच्या जागी राहिलं, पण सारखं राहिलं नाही. एक सोयरीक मोडली, दोन भावांच्या घरांमधे भिंत उभी राहिली, आणि देवराव काका जावयाकडे राहायला गेले. गिरणी कुसुमकाकू चालवतात. दादाला मात्र गावानं डोक्यावर घेतलं. असा सरपंच होणे नाही, म्हणतात.

मीही तेच म्हणत पुढच्या रविवारी माहेरी गेले. दादा कुणाकडे तरी सत्काराला गेला होता. छाया वहिनी चुलीपुढे होती. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. मी म्हणाले, “वयनी, दादानं हिंमत केली पाह्य. दुसऱ्या कोनाले नसतं जमलं.”

“केली न,” ती म्हणाली. “सारं गावच म्हनते.”

ती पीठ मळत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “प्रणू, तुनं पयल्यांदा कवा ऐकलं होतं थे?”

“ग्रामसभेच्या बऱ्याच आधी.”

“अन् त्या शनिवारी मी दारात उभी राहून तुले विचारलं.”

“दादा म्हणाला, वयनीले सांगू नोको.”

“हव. थे तसंच म्हनतीन.” तिनं परातीतला हात काढला आणि शेजारच्या भिंतीवर ठेवला. “याच्या पलीकडं गोठा हाय. रोज संध्याकाळी थे तिकडं जात, अन् मी इकडं भाकरी थापत बसो. थापताना काही ऐकू येत नाही. मले वाटे, मानूस गाईपाशी बसला हाय, बसू दे. वर्षभर मले काही बोललेच नाही थे. मी समजो, माह्यावर राग हाय. काय चुकलं माहं, थे शोधत रायली मी.”

तिनं भिंतीवरचा हात काढून घेतला.

“गाईले समजलं. तुह्या मशीनले समजलं. त्या इरफानले, तुले. मंग साऱ्या गावाले.” तिचा आवाज चढला नाही. “अन् मी, त्यायची बायको. माह्या नवऱ्याचं रडनं मी रेडिओवर ऐकलं, प्रणू.”